एसीचा गॅस फुस्स झाला, आता पुढे काय?

या वेळी आलेले प्रश्न जवळपास सगळे एसीचेच आहेत आणि ते साहजिकच आहे, मे महिन्यात गोव्यात काच खाली करून गाडी चालवायची म्हणजे घाम आणि धूळ दोन्ही एकदम. पहिलं पत्र जरा लांबलंय पण मी ते फारसं कापलं नाही, कारण बिघाड कुठे आहे ते त्या पत्रातच लिहिलेलं आहे, फक्त लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही.

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, राहतो म्हापशाला, कामाला रोज पणजीला. या उन्हाळ्यात एसी नीट गार करेना, म्हणजे पणजीच्या अटल सेतूवर गाडी पळत असली की मस्त थंड पण पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की थोड्या वेळात गरम वारा. मित्र म्हणाला गॅस कमी झालाय. मग ऑनलाइन आर-१३४ए चा कॅन आणि गेजवाला पाइप मागवला, व्हिडिओ बघितले आणि रविवारी अंगणात भरायला घेतला. इंजिन आणि एसी चांगला दहा मिनिटं चालू ठेवला, मग पाइप लावला तर कॅन उघडायच्या आधीच गेजचा काटा लाल पट्ट्यात. मला वाटलं गेजच फालतू असणार, म्हणून तसाच कॅन उघडला आणि लवकर भरावा म्हणून उलटा धरून हलवला. थोड्या वेळाने कॉम्प्रेसरमधून टकटक आवाज यायला लागला, घाबरून पाइप ओढून काढला तर वॉल्व्हची पिन आतच अडकली आणि फुस्स करून सगळा गॅस बाहेर. डाव्या हाताच्या दोन बोटांवर आला, बोटं पांढरीफटक, इंजिनवर सगळीकडे हिरवट तेल. मुलगी बाजूलाच उभी होती. आता एसी लावला की ब्लोअर चालतो पण कॉम्प्रेसर लागतच नाही. गॅरेजवाला बॉनेट न उघडताच म्हणतो कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका. खरंच गेला का? आणि तो गॅस विषारी असतो का? बोटांची अजून साल निघतेय.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी बोटं बघू, गाडी थांबेल. आर-१३४ए, म्हणजे एसीतला गार करणारा गॅस, आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, त्यामुळे त्याचा द्रव कातडीवर पडला की तिथल्या तिथे उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता कातडीतून ओढून घेतो. बोटं पांढरी पडली ती त्यामुळे, हा हिमदाह. अशा वेळी कोमट पाणी घ्यायचं, कढत नाही, हाताला सुखाचं वाटेल एवढंच, आणि रंग परत येईपर्यंत बोटं त्यात बुडवून ठेवायची. चोळायचं नाही. अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढायची. हळद, टूथपेस्ट, खोबरेल काही नाही, आणि बर्फ तर अजिबातच नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण भाजलं की बर्फ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुमची साल निघतेय म्हणजे वरवरचं असावं, पण बोटांच्या टोकांना अजून स्पर्श कळत नसेल, पाण्याचे फोड आले असतील किंवा कातडी काळपट टणक झाली असेल तर म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात दाखवा, आजच. आणि हा फवारा डोळ्यात गेला असता तर पंधरा मिनिटं सलग स्वच्छ पाण्याने धुवायचं, मग बरं वाटलं तरी डॉक्टर, १०८ ला फोन करा नाहीतर कोणाला तरी गाडी काढायला सांगून थेट बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात. पुढच्या वेळी बॉनेटखाली वाकायच्या आधी डोळ्यांना बंद गॉगल आणि हातात जाड मोजे, व्हिडिओवाले घालत नाहीत म्हणून आपण घालायचे नाहीत असं काही नाही.

मुलीची काळजी करू नका. उघड्या अंगणात हा गॅस दोन-चार मिनिटांत विरून जातो, थोडासा नाकात गेला म्हणून विषबाधा होत नाही. पण तो हवेपेक्षा साडेतीन पट जड असतो, खाली साचतो. हेच जर बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात किंवा पावसामुळे शटर ओढून घेतलेल्या गॅरेजमध्ये झालं असतं तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं, तिथे तो श्वासाची हवा बाजूला सारतो, माणूस गरगरून पडतो, फार प्रमाणात छातीत गेला तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ज्योत. विडी, वेल्डिंग, पेटता स्टोव्ह असल्या कशावरून हा गॅस गेला की तो फुटून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, वास तिखट, घसा चरचरतो, आणि तो मात्र खराखुरा विषारी. असा वास आला की हातातलं टाकून बाहेर पळायचं.

आता गाडी. कॉम्प्रेसर लागत नाही यावरून कॉम्प्रेसर गेला असं म्हणता येत नाही. सिस्टीममध्ये गॅसच नाही ना! लाइनवर प्रेशर स्विच किंवा सेन्सर असतो, दाब ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो क्लचला, म्हणजे कॉम्प्रेसरला इंजिनच्या बेल्टशी जोडणाऱ्या चकतीला, करंटच जाऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसेल तर तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. काही फिटर स्विचला वायरचा तुकडा लावून क्लच लागतो का ते 'बघतात', ते करू देऊ नका. तोवर एसीचं बटण बंद ठेवा, गाडी बाकी खुशाल चालवा.

पण गॅरेजवाल्याची शंका अगदीच उडवून लावण्यासारखीही नाही. कॅन उलटा धरला की वाफेऐवजी द्रव जातो आणि तुम्ही तो लो साइडने, म्हणजे कमी दाबाच्या बाजूने, सरळ कॉम्प्रेसरच्या तोंडात ओतला. कॉम्प्रेसर वाफ दाबायला बनवलाय, द्रव दाबला जात नाही, मग आतल्या पातळ पट्टीच्या वॉल्व्हवर मार बसतो. ती टकटक बहुतेक तीच. ती थोडाच वेळ झाली असेल तर पुष्कळदा निभावून जातं. बघायचं कसं, तर इंजिन बंद असताना क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवून बघा, एकसारख्या हलक्या अडसराने फिरली तर ठीक, करकर झाली किंवा हललीच नाही तर वाईट. मग फिटरला कॉम्प्रेसरजवळचा एक जोड उघडायला सांगून आतलं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या, त्यात चंदेरी चकाकी दिसली तर धातू झिजून सुटलाय, मग कॉम्प्रेसरबरोबर ड्रायर (ओलावा शोषणारा डबा), एक्स्पान्शन वॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा) आणि बहुधा कंडेन्सरही (गॅस थंड करणारी पुढची जाळी) बदलावा लागतो, नाहीतर तो चुरा नव्या कॉम्प्रेसरला पण खातो. तेल स्वच्छ असेल तर नव्या कॉम्प्रेसरचं नाव आत्ताच काढायचं कारण नाही. शेवटचा पुरावा गॅस भरल्यावर मिळतो, एसी चालू असताना लो साइड चढी आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून दाबलेला गॅस निघतो ती बाजू) पडलेली राहिली, दोन्ही काटे एकमेकांच्या जवळ आले, तर आतले वॉल्व्ह गेले म्हणायचं.

आणि आता तुमच्या पत्रातली खरी गोष्ट. कॅन उघडायच्या आधीच काटा लाल होता. गेज फालतू नव्हता हो, तो बरोबरच सांगत होता! कॉम्प्रेसर चालू असला की लो साइडला साधारण २५ ते ४० पीएसआय दिसतात. तो बंद असला की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि ३२ अंशांच्या दिवशी तो १०० च्या आसपास येऊन थांबतो, म्हणजे तुमच्या गेजवर लालभडक. म्हणजे तुम्ही पाइप लावला त्या क्षणी बटण चालू होतं पण कॉम्प्रेसर बंद पडलेला होता. का? तर पळत्या गाडीत गार आणि ट्रॅफिकमध्ये गरम, हे तुम्हीच पहिल्या ओळीत लिहिलंय. गाडी पळत असली की समोरून वारा कंडेन्सरला लागतो, उभी राहिली की तेच काम पंख्याने करायचं असतं. पंखा बंद असेल, हळू फिरत असेल किंवा कंडेन्सर चोंदला असेल तर हाय साइडचा दाब चढत जातो आणि ठरलेल्या मर्यादेला पोचला की तोच सेन्सर कॉम्प्रेसर तोडतो. अंगणात दहा मिनिटं उभी गाडी म्हणजे कंडेन्सरच्या दृष्टीने पर्वरीच झाली. गॅस कमी असता तर अटल सेतूवर पण कुरकुरलाच असता. माझ्या मते तुमच्या गाडीत गॅस पुरेसा होता आणि तुम्ही त्यात वरून आणखी ओतला.

त्यामुळे नुसता गॅस भरून गाडी घरी आणलीत तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच गरम वारा खात उभे राहाल. आधी पंखा बघा. आता गॅस नसल्यामुळे एसी लावून पंखा सुरू होणार नाही, म्हणून मोटरला थेट बॅटरी देऊन बघायला लागेल, मग फ्यूज, रिले, कनेक्टर. पंख्याचा कनेक्टर उघडला की आत हिरवा गंज, हे आपल्या किनाऱ्याजवळच्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. कंडेन्सरच्या जाळीत मीठ, किडे आणि तुमचं कधी डिचोली-साखळीकडे जाणं असेल तर ती खाणींची लाल धूळ, हे सगळं साध्या नळीच्या पाण्याने धुवायचं, प्रेशर वॉशरने नाही, त्याने पट्ट्या वाकतात आणि होता तो वारा पण बंद. पुढे गॅस भरून झाल्यावर परत असं वाटलं तर जुनी युक्ती आहे, गाडी उभी ठेवून एसी चालू असताना कंडेन्सरवर पाणी मारायचं, लगेच गारवा आला तर दोष वाऱ्याचा.

राहिली ती पिन. गाडीच्या टायरच्या वॉल्व्हमध्ये असते त्याच जातीची पिन असते आणि बदलायला कॉम्प्रेसरच्या मानाने चिल्लर पैसे पडतात. ती उघडीच अडकली असेल तर आज संध्याकाळच्या आत त्याच्यावर झाकण घट्ट लावा, ते काळं-निळं टोपण नुसतं धुळीसाठी नसतं, ते पण सील आहे आणि निम्म्या गाड्यांचं हरवलेलं असतं. झाकण लावायचं कारण दमट हवा. कॉम्प्रेसरचं तेल, ज्याला पॅग म्हणतात, ते हवेतलं पाणी सपासप पितं आणि ड्रायरमधले दाणे पण तेच करतात, गोव्यात जूनमध्ये सिस्टीम आठवडाभर उघडी राहिली तर तो ड्रायर बादच समजा आणि बदला.

गॅरेजमध्ये काय काय सांगायचं ते एका दमात लिहितो. पिन बदला, दोन्ही पोर्टच्या ओ-रिंग बघा, मग नायट्रोजन मारून लीक तपासा, टायरवाल्या कॉम्प्रेसरची हवा नको कारण एक तर त्यात पाणी असतं आणि दुसरं म्हणजे हवेबरोबर दाबाखाली हा गॅस पेट घेऊ शकतो. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं, निदान अर्धा-पाऊण तास, काटा २९ इंचांच्या आसपास गेला पाहिजे कारण तिथवर गेल्यावरच आतलं पाणी आपल्या हवेच्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघतं, नंतर पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं काटा हलतो का ते बघायचं. जे तेल उडालं त्याच्या बदली तीसेक मिली, कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रेडचंच, पॅग ४६ असेल तर ४६, १०० असेल तर १००, उगाच अंदाजाने बाटली रिकामी करायची नाही. आणि मग गॅस वजन करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच. जो गॅरेजवाला वजनकाटा काढत नाही त्याच्याकडून गाडी परत आणा. न बघता कॉम्प्रेसर सांगणाऱ्याकडे तर परत जाऊच नका.

प्रश्न : पात्रांव, माझी टॅक्सी कांदोळी-कळंगुट भागात चालते. दर वर्षी सीझनच्या तोंडावर गॅस टॉप-अप करतो, यंदा पण केला, फिटरने गेज बघून भरला. आता पहिली दहा मिनिटं गार मग बंद, थोड्या वेळाने परत चालू, आणि गाडी चढावर ओढत नाही. दिल्लीचे पॅसेंजर रेटिंग कापतात. अजून थोडा भरू का?
– एक टॅक्सीवाले वाचक, कांदोळी

उत्तर : नको, काढा! तुमच्यात गॅस जास्त झालाय, निदान लक्षणं तरी तीच सांगतात. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्ये साचतो, वाफेला थंड व्हायला जागा उरत नाही, हाय साइड चढते, इंजिनवर ओझं पडतं म्हणून चढावर ओढत नाही आणि शेवटी सेन्सर कॉम्प्रेसर तोडतो. थंड झालं की परत लागतो. याच्याही पलीकडे दाब गेला, ५०० पीएसआयच्या पुढे वगैरे, तर कॉम्प्रेसरचा सेफ्टी वॉल्व्ह उडतो आणि मग वरच्या म्हापशाच्या भावासारखं इंजिनभर तेल.

फिटरने गेज बघून भरला इथेच घोळ आहे. घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर बघा, भरलेला असो की तळाला थोडासा उरलेला असो, आत द्रव आहे तोवर दाब तेवढाच, किती उरलाय ते उचलूनच कळतं. एसीचं तसंच, उभ्या गाडीच्या गेजवर बाहेरचं तापमान कळतं, ग्रॅम कळत नाहीत. चालू एसीचे काटे पण ऊन, दमटपणा, ब्लोअरचा स्पीड, इंजिनचे आरपीएम या सगळ्याने हलतात. लहान गाड्यांत आख्खा गॅसच साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम असतो, त्यात पन्नास-शंभर ग्रॅम इकडे तिकडे झाले की फरक पडतोच.

आणि दर वर्षी टॉप-अप का लागतो हे कोणी विचारलंच नाही का? एसीचा गॅस वापरून संपत नाही, बंद सिस्टीम आहे, फिरून फिरून तोच. होसमधून किरकोळ झिरपतो ते वर्षानुवर्षं, पण दर सीझनला कमी होत असेल तर भोक आहे. तुमचा धंदा समुद्राच्या कडेला, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर, खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियम सुईच्या टोकाएवढं खातं, तिथे तेलकट काळा डाग दिसतो आणि त्यावर धूळ चिकटलेली असते. मग होसचे क्रिम्प केलेले जोड, कॉम्प्रेसरचं पुढचं सील, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल. तिच्यासाठी आख्खा डॅशबोर्ड उघडायच्या आधी पाणी जायच्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी लीक डिटेक्टर धरून बघायला सांगा, गॅस जड असल्यामुळे तिथेच खाली येतो.

आता जादा गॅस काढायचा तो पिन दाबून हवेत सोडून नाही, रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणी सगळा काढून, वजन करून, परत बरोबर तेवढा भरून. हे मी काही भाषण म्हणून सांगत नाही. एक किलो आर-१३४ए हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशेबाने १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. एका साडेचारशे ग्रॅमच्या कॅनचा हिशेब सहाशे चाळीस किलो येतो, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं, तुमची टॅक्सी तेवढ्यात चार हजार किलोमीटर पळेल. यासाठीच २०१६ चा किगाली करार झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला आणि आपल्याकडे या जातीच्या वायूंचा वापर २०२८ नंतर वाढू द्यायचा नाही आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा असं ठरलंय. म्हणजे दर सीझनला टॉप-अप हा खर्च पुढे वाढतच जाणार, कंडेन्सर एकदाच बदला आणि मोकळे व्हा.

प्रश्न : लीक बंद करणारं औषध असलेला गॅसचा कॅन मी स्वतः भरला. दोन महिने चाललं, परत गरम. आता चांगल्या गॅरेजमध्ये गेलो आणि हे आधीच सांगितलं तर ते म्हणतात तुम्ही सीलंट टाकलंय, आम्ही मशीन लावणार नाही. हा काय प्रकार?
– एक वाचक, साखळी

उत्तर : ते बरोबर बोलतायत, आणि तुम्ही त्यांना आधी सांगितलंत हे चांगलं केलंत. बऱ्याचशा सीलंटचं काम असं चालतं की भोकातून बाहेर येताना हवा आणि ओलावा लागला की ते घट्ट होतं. पण ओलावा सिस्टीमच्या आत असेल तर ते आतच घट्ट होतं, एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रात, नाहीतर त्या गॅरेजच्या लाखांच्या मशीनच्या होसमध्ये. म्हणून कुठलाच शहाणा गॅरेजवाला हात लावत नाही. सीलंटचा फिल्टर किंवा वेगळी जुनी रिकव्हरी लाइन ठेवणारे असतात, त्यांना विचारा, मग ड्रायर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह बदलून, लाइन फ्लश करून, मूळ लीक शोधून काढावा लागेल. खर्च आहे. सीलंट कोणी पुन्हा सुचवलं तर मी तरी एकच सांगीन, उद्या गाडी विकायची असेल तरीही नको, पुढच्या माणसाला कशाला फसवायचं.

याच्याच जोडीने स्वस्त गॅसबद्दल पण लिहितो, कारण काही जण बाजारात निम्म्या किमतीत मिळणारा कॅन घेतात. त्यात कधी चक्क प्रोपेन-ब्यूटेनसारखा जळणारा गॅस असतो, गारवा मस्त देतो, पण लीक झाला तर तो थेट केबिनमध्ये येऊ शकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आर-४०, मिथिल क्लोराइड, हा ॲल्युमिनियमशी रिॲक्ट होऊन असा पदार्थ बनवतो जो हवा लागताच पेटतो. २०११ मध्ये जहाजांवरच्या थंड कंटेनरच्या सिस्टीममध्ये असाच भेसळीचा गॅस गेला होता, कॉम्प्रेसरचे स्फोट झाले आणि माणसं मेली. गाडीचं कॉम्प्रेसर, कंडेन्सर सगळं ॲल्युमिनियमचंच असतं. तेव्हा सीलबंद, बिल मिळणारा कॅनच घ्या.

प्रश्न : आमची नवीन हायब्रिड आहे. वॉरंटी संपल्यावर हे घरी करता येईल का? मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याला हौस आहे.
– एक वाचक, ताळगाव

उत्तर : हौस दुसऱ्या कशात तरी भागवा काका, खरंच. हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर बेल्टवर नाही तर हाय व्होल्टेजच्या मोटरवर चालतो आणि ती मोटर त्याच तेलात बुडालेली असते. त्यासाठी वेगळं, वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. साध्या कॅनबरोबर किंवा आधी पॅग तेल वापरलेल्या पाइपमधून थोडंसं जरी पॅग तेल आत गेलं तरी इन्सुलेशन उतरतं, गाडी फॉल्ट दाखवते आणि मग कॉम्प्रेसरच बदलायची वेळ येऊ शकते. शिवाय स्टिकर वाचा, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्याचा पोर्ट वेगळा, किंमत बरीच जास्त आणि तो थोडा जळणारा पण आहे, त्यात आर-१३४ए घुसवायचा नाही आणि उलटही नाही. पोर्टला पाइप बसत नाही म्हणून ॲडॅप्टर शोधायला लागलात तर तिथेच थांबा.

प्रश्न : एसी लावला की ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली, म्हणजे माझ्या पायाशी, मॅट ओली होते. यांना कोणीतरी सांगितलं की गॅस लीक होतोय, भरून घ्या. खरं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही ताई, गॅस कधी पाणी होऊन मॅटवर येत नाही. तुमच्या इथली दमट हवा थंड कॉइलवर आदळली की तिच्यातलं पाणी गळतं, ते ड्रेन पाइपने गाडीखाली जायला हवं, तो पाइप पानं, माती किंवा किड्याच्या घरट्याने तुंबला की पाणी आत उतरतं. गाडी उचलून तो रबरी पाइप खालून साफ करायचा, मऊ वायर हळूच घालून, जोर न करता कारण वर कॉइल आहे. मॅट उन्हात वाळवा, खालचं फोमही काढून वाळवा नाहीतर कुबट वास येईल आणि पत्रा गंजेल. आणि साफ केल्यावर एसी लावून गाडी उभी केली की खाली पाणी ठिबकतंय का बघा, ठिबकलं पाहिजे.